चाळीस ग्रॅम एमडी आणि सीमेपलीकडचा धागा: पोलीस ठाण्याने नेमकं काय करायचं?

प्रश्न एका नव्या उपनिरीक्षकांचा आहे, थोडक्यात असा: "आमच्या ठाण्यात महिन्याला दोन-तीन एनडीपीएस (अमली पदार्थ कायद्याचे) गुन्हे दाखल होतात. गांजा नाहीतर एमडी, म्हणजे मेफेड्रोन. एमडी असेल तर माल पाच ग्रॅमपासून फार तर चाळीस ग्रॅमपर्यंत. आता वरून सूचना आली आहे की सीमापार तस्करीविरुद्ध जोर लावा, मालाचा उगम शोधा. आमच्याकडे ना सीमा, ना बंदर, ना विमानतळ. हे काम एनसीबी (केंद्राचा अमली पदार्थ नियंत्रण विभाग) आणि डीआरआय (महसूल गुप्तचर संचालनालय) यांचं नाही का? आणि आमचं असेल तर ठाण्याच्या पातळीवर करायचं काय?"

अधिकाराचा मुद्दा आधी निकालात काढू. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने झडती, जप्ती आणि तपासाचे अधिकार केंद्राच्या खात्यांना दिले तसे राज्याच्या पोलिसांनाही दिले आहेत. आयात-निर्यातीचं कलम २३ लावायला पोलिसांना कुणाची वेगळी परवानगी लागत नाही. शिवाय साखळीचं शेवटचं टोक, म्हणजे गल्लीत विकली जाणारी पुडी, फक्त ठाण्यालाच दिसते. दिल्लीत किंवा मुंबईच्या बॅलार्ड इस्टेटमध्ये बसलेल्या केंद्राच्या अधिकाऱ्याला ती दिसत नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी दहा ग्रॅम एमडीसह एकाला पकडलं. तिथून सुरू झालेला तपास दोन महिन्यांत नाशिकजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यापर्यंत गेला आणि शंभर किलोहून जास्त माल सापडला. पुणे पोलिसांचा फेब्रुवारी २०२४ चा तपासही शहरातल्या अटकांपासून सुरू होऊन कुरकुंभ एमआयडीसी, सांगली आणि दिल्ली असा पसरला, आणि काही माल लंडनला गेल्याचं त्यात पुढे आलं. म्हणजे सीमा तुमच्या हद्दीत नसली तरी सीमेकडे जाणारा धागा तुमच्या मुद्देमालाच्या खोलीत पडलेला असू शकतो. तुमचा खरा प्रश्न मी असा वाचतो: तो धागा कुठे तुटतो आणि तो ठाण्यात तुटू नये म्हणून काय करायचं? माझ्या मते तो बहुतेक वेळा पहिल्या तीन दिवसांतच तुटतो, आणि हुशारी कमी पडल्यामुळे नव्हे तर कागद, पाकीट आणि फोन हाताळण्यातल्या हलगर्जीपणामुळे.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत. पकडलेला माणूस विकणारा आहे की फक्त ओढणारा, हे आधी ठरवा. ओढणाऱ्याला दम देऊन उगम विचारलात तर तो सुटण्यासाठी जवळचं कुठलंही नाव घेतो आणि तुमचे आठ दिवस त्या नावामागे जातात. त्याच्यावर सेवनाचं कलम २७ लागतं, आणि त्याने स्वतःहून उपचाराची तयारी दाखवली तर खटल्यातून सूट देणाऱ्या कलम ६४अ चा मार्ग आहे. त्याला विक्रेता म्हणून रंगवू नका. दुसरं, सगळा माल सीमापार नसतो. आपल्याकडे पकडला जाणारा बराचसा गांजा आंध्र-ओडिशा सीमेवरच्या डोंगरपट्ट्यातून येतो. त्यासाठी त्या राज्यांच्या पोलिसांशी बोलायचं, इंटरपोलची आठवण काढायची गरज नाही. एमडीही बहुधा इथेच, बंद पडलेल्या रासायनिक युनिटात किंवा शेतातल्या शेडमध्ये तयार होतं. कोकेन, हायड्रोपोनिक गांजा, हेरॉइन आणि मेथ (मेथॲम्फेटामिन) सापडलं तर मात्र पहिल्या मिनिटापासून परदेशी धागा गृहीत धरा.

आपल्या राज्याच्या बाबतीत एक गोष्ट नेहमी विसरली जाते. सीमापार म्हणजे फक्त बाहेरून आत असं नाही. न्हावा शेवामार्गे हेरॉइन आत आलं आहे. जुलै २०२२ मध्ये पंजाब पोलिसांनी दिलेल्या माहितीवरून तिथल्या एका कंटेनरमधून सत्तर किलोहून जास्त हेरॉइन निघालं, आणि त्याच वर्षी दिल्ली पोलिसांना त्याच बंदरात हेरॉइनचा लेप दिलेलं ज्येष्ठमध सापडलं. बंदर आपलं आणि खबर दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची, हे लक्षात घ्या. त्यांनाही ती स्थानिक आरोपींच्या मागे लागूनच मिळत असते. उलट दिशाही तितकीच खरी आहे. २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी सोलापूरच्या एका औषध कंपनीतून जवळपास अठरा टन इफेड्रिन जप्त केलं. तपासानुसार ते आफ्रिकेत जाऊन त्याचं मेथ होणार होतं. तुमच्या जिल्ह्यात एमआयडीसी असेल तर तीच तुमची सीमा समजा.

आता ग्रॅमकडे येऊ, कारण तुमच्या हातातला वेळ ग्रॅमवर ठरतो. एमडीची अल्प मात्रा २ ग्रॅम आणि व्यापारी मात्रा ५० ग्रॅम. हेरॉइनला ५ आणि २५० ग्रॅम, कोकेनला २ आणि १०० ग्रॅम, चरसला १०० ग्रॅम आणि १ किलो, गांजाला १ आणि २० किलो. तुमचा चाळीस ग्रॅमचा आरोपी मधल्या मात्रेत बसतो. म्हणजे जामिनाच्या कलम ३७ च्या कडक अटी त्याला लागत नाहीत आणि दोषारोपपत्रासाठी कलम ३६अ(४) चे १८० दिवसही मिळत नाहीत. साठ दिवस गृहीत धरून आखणी करा. तो महिन्याभरात जामिनावर बाहेर येऊ शकतो आणि बाहेर येताच वरच्या माणसाला सावध करतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पहिल्या चाळीस दिवसांत तुकड्यांनी घेता येते. न्यायालय कितपत मान्य करेल ते त्या-त्या ठिकाणावर आहे, पण सगळे दिवस पहिल्याच दमात संपवू नका. सीडीआर (मोबाइलच्या कॉलच्या नोंदी) आणि बँकेचे तपशील यायला आठवडा लागतो. ते हातात घेऊन केलेली दोन दिवसांची चौकशी रिकाम्या हाताने केलेल्या आठ दिवसांपेक्षा कामाची असते.

याच ठिकाणी एक मोह होतो: माल ५० च्या आसपास असेल तर पिशवीसकट वजन लिहायचं. पंचनाम्यात ५२ ग्रॅम, प्रत्यक्ष पावडर ४७, आणि खटल्यात बचावाचे वकील पिशवीचं वजन विचारतात. व्यापारी मात्रा तर जातेच, वर पंचनाम्याचीही विश्वासार्हता जाते. एकूण आणि निव्वळ अशी दोन्ही वजनं लिहा, काटा कुठून आणला आणि तो प्रमाणित आहे का तेही लिहा. गांजात तर व्याख्याच फुलोऱ्याच्या किंवा फळांच्या शेंड्यांची आहे. शेंडे नसलेली नुसती पानं आणि बिया त्यात धरत नाहीत. ओला गांजा पोत्यात वाळून हलका होतो, त्यामुळे जप्तीच्या वेळी माल ओलसर होता ही नोंद हवीच. २०२० च्या हिरासिंग निकालाने भेसळीसकट पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं ठरवलं आहे, म्हणून शुद्धतेच्या टक्क्यावरून वजन कमी होईल ही भीती आता बाळगू नका. भीती बाळगायची ती पिशवीची.

छाप्याआधीचा कागद म्हणजे कलम ४२. खबर मिळाली की ती लेखी घ्या, ठाणे दैनंदिनीत नोंदवा आणि ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे प्रत पाठवा. शक्य असेल तर छाप्याआधीच पाठवा. २००९ च्या कर्नेल सिंग निकालाने घाईच्या प्रसंगात उशीर चालवून घेतला, पण काहीच न पाठवणं चालवून घेतलेलं नाही. रात्री वॉरंटशिवाय घरात शिरायचं असेल तर तसं मानण्याची कारणं लिहा. रस्ता, स्टँड, हॉटेल ही सार्वजनिक ठिकाणं कलम ४३ मध्ये येतात, पण सार्वजनिक रस्त्यावर उभी असलेली खासगी गाडी येत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं आहे. हायवेला गाडी अडवली म्हणजे ४३ लागलं, असं धरून चालणारे आजही बरेच भेटतात.

अंगझडतीला कलम ५०. आरोपीला राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेण्याचा हक्क आहे, हे प्रत्येकाला स्वतंत्रपणे आणि त्याला कळणाऱ्या भाषेत सांगा. दोघांना मिळून एकच नोटीस देऊ नका. "की आम्हीच घेऊ?" असा तिसरा पर्याय तर अजिबात देऊ नका, २०१४ च्या परमानंद प्रकरणात नेमकं तेच नडलं. हातातल्या बॅगेच्या झडतीला हे कलम लागत नाही. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. आणि अटकेची कारणं लेखी द्या, साचेबंद वाक्यात नव्हे तर या माणसाला का अटक केली ते सांगणाऱ्या शब्दांत. अलीकडे एवढ्यावरून अटका रद्द झाल्या आहेत, आणि एक दुवा सुटला की त्याच्या वरचे दुवेही हातचे जातात.

नमुने जागेवर काढायची जुनी सवय सोडा. कलम ५२अ आणि २०२२ चे नियम यांप्रमाणे नमुने दंडाधिकाऱ्यासमोरच काढायचे. प्रत्येक नमुना दोन प्रतींत ५ ग्रॅमचा. अफू, गांजा आणि चरस असेल तर २४ ग्रॅमचा. २०२५ च्या भारत आंबाळे निकालाने ५२अ मधल्या प्रत्येक चुकीने खटला पडत नाही असं म्हटलं आहे, पण ते विसंबून राहण्याजोगं नाही. अर्ज त्याच आठवड्यात द्या. मुद्देमाल नोंदवही, सीलचा ठसा, नेणाऱ्या हवालदाराची रवानगी आणि प्रयोगशाळेची पोच यांच्या तारखा एका ओळीत जुळल्या पाहिजेत. त्यातला एक दिवस गायब असला तर उलटतपासणी त्याच दिवसावर होते. अटक आणि जप्तीचा कलम ५७ चा अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना जायला हवा, तोही बऱ्याचदा राहून जातो.

एवढं झालं म्हणजे गुन्हा टिकेल. उगमापर्यंत जाण्याचं काम यापुढे सुरू होतं, आणि तिथे आपली सवय फार वाईट आहे. आपण पावडर जपतो आणि पाकीट फाडून टाकतो. परदेशी धाग्यासाठी पाकीट पावडरीइतकंच मोलाचं असतं. पुडीची प्लास्टिक पिशवी कुठल्या मापाची, तोंड उष्णतेने बंद केलंय की झिपचं, टेपचा रंग आणि रुंदी किती, त्यावर शिक्का, चित्र किंवा हाताने लिहिलेला आकडा आहे का, हे सगळं पट्टी ठेवून फोटोत घ्या. टेपच्या चिकट बाजूवर बोटांचे ठसे मिळतात, म्हणून ती ओरबाडून काढू नका. कुरिअरचं लेबल असलेला खोका लेबलवरून कापू नका. वेष्टन वेगळ्या पाकिटात सीलबंद करा आणि पंचनाम्यात त्याला स्वतंत्र क्रमांक द्या.

याचं महत्त्व कोकणातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोली परिसरात आणि रायगडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं वाहून आली. अशा वेळी पाकिटं वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या यंत्रणांच्या हाती लागतात. ती एकाच खेपेतली आहेत हे सांगणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे वेष्टन. एका ठाण्याने वेष्टन फेकून दिलं की तिथली जप्ती बेवारस ठरते. किनाऱ्यावरच्या ठाण्यांनी मच्छीमार आणि सागर रक्षक दलाला एवढंच शिकवावं: पाकीट उघडू नका, उचलून घरी नेऊ नका, जागा आणि वेळ लक्षात ठेवा आणि १०९३ ला फोन करा. भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवली तर पाकीट कुठल्या दिशेने आलं असेल याचा अंदाज जाणकाराला बांधता येतो.

माल कंटेनरमधला असेल तर कंटेनर क्रमांक, म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे, जसाच्या तसा लिहा, आणि सीलचा क्रमांकही. एक आकडा चुकला तर शिपिंग कंपनीच्या नोंदीत तुमचा कंटेनर सापडणार नाही. कागदोपत्री आयातदार बहुतेक वेळा डमी असतो, कुणा गरिबाच्या नावावर काढलेला आयात-निर्यात कोड. त्याच्या मागे धावण्यापेक्षा कस्टम ब्रोकरचे पैसे कुणी भरले, ट्रेलर कुणी बोलावला, गोदामाचा भाडेकरार कुणाचा आणि डिपॉझिट कुठल्या खात्यातून गेलं, हे चार प्रश्न विचारा. खरा माणूस बहुधा गोदामाच्या डिपॉझिटमध्ये सापडतो.

लहान मालात कंटेनरची जागा खासगी ट्रॅव्हल्सची डिकी घेते. पार्सलची पावती असतेच असं नाही, पण पार्सल उतरवून घेण्यासाठी ड्रायव्हर किंवा क्लीनरचा मोबाइल नंबर कुणाला तरी दिलेला असतो. त्या रात्रीचा त्या नंबरचा सीडीआर काढा, पाठवणारा आणि घेणारा दोघंही त्यात दिसतील.

फोनबद्दल. हातात आला की एअरप्लेन मोड, मग बंद, आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) पंचनाम्यात, आणि सीलबंद. "जरा गॅलरी बघू" म्हणून तासभर चाळलेला फोन बचावपक्षाला आयता मुद्दा देतो. झडतीचं चित्रीकरण आता संहितेच्या कलम १०५ खाली बंधनकारकच आहे, त्यात फोन सील होताना दिसू द्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याच्या जुन्या रूपावरचा २०२० चा गाजलेला निकाल आपल्या जालन्याच्या निवडणुकीतून आलेला आहे, तेव्हा "माहीत नव्हतं" म्हणायला महाराष्ट्रात तरी जागा नाही. सीडीआर दोन वर्षं मिळतो, पण लॉज, टोलनाका आणि दुकानांचं सीसीटीव्ही पंधरा ते तीस दिवसांत पुसलं जातं. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी सीसीटीव्ही, मग सीडीआर. परदेशी कंपन्यांच्या ईमेल आणि चॅट खात्यांसाठी पहिल्याच आठवड्यात डेटा जपून ठेवण्याची विनंती पाठवा. त्या साधारण नव्वद दिवस डेटा राखून ठेवतात आणि पुढे मुदतवाढीची विनंती करता येते. मजकूर मिळायला पुढे न्यायालयामार्फत जावं लागेल, पण निदान तोवर तो नष्ट होत नाही.

पैशाच्या बाबतीत पेडलरच्या यूपीआय आयडीवर वेळ फार घालवू नका, पण तिथून पैसे पुढे कुठे गेले ते बघा. दिवसअखेर एकाच खात्यात गोळा होणाऱ्या रकमा म्हणजे वरचा दुवा. ते खातंही बहुधा भाड्याचं असतं. मग बघायचं की त्या खात्याचं एटीएम कार्ड कुठल्या मशीनवर वापरलं गेलं. परदेशी व्यवहारात पैसा बँकेतून जातच नाही असं समजू नका. हवाला आणि आंगडियाच्या जोडीला आता क्रिप्टोही आहे, आणि मार्च २०२३ पासून भारतात काम करणारे क्रिप्टो एक्सचेंज मनी लाँडरिंग कायद्याखाली येतात. म्हणजे ग्राहकाची ओळख त्यांच्याकडे असते आणि ती मागता येते.

आरोपीच्या जबाबावर केस उभी करू नका. ऑक्टोबर २०२० च्या तोफानसिंग निकालानंतर कलम ६७ चा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, आणि पोलिसांसमोरची कबुली तर कधीच चालत नव्हती. तरीही दोषारोपपत्रात "सहआरोपीने नाव सांगितल्यावरून" हे वाक्य दिसतंच, आणि त्या वाक्यावर अटक केलेला वरचा माणूस पहिल्याच अर्जात जामीन घेऊन जातो. मी एक साधा नियम सुचवतो. दोन माणसांमधला दुवा मानायचा असेल तर संपर्क, पैसा आणि माल या तिघांपैकी किमान दोहोंचा स्वतंत्र पुरावा हवा. नुसते कॉल म्हणजे ओळख झाली. कॉल आणि त्याच दिवशी पैसे म्हणजे व्यवहार झाला. दोन्ही असतील तर कलम २९ चा कट उभा राहतो, आणि वरच्या माणसाकडे व्यापारी मात्रा सापडली तर तुमचा चाळीस ग्रॅमवालाही त्या मात्रेच्या कटात येऊ शकतो. पुरावा नसताना सवयीने २९ जोडलं तर न्यायालय ते गंभीरपणे घेत नाही.

आता वर कधी आणि कुणाला सांगायचं. दुसऱ्या दुव्याला हात घालायच्या आधी. ही वेळ सगळ्यात जास्त चुकते. माल परदेशातून येतोय किंवा परदेशी जाणार आहे असं दिसलं, की अधीक्षकांमार्फत राज्याच्या अमली पदार्थविरोधी टास्क फोर्सला आणि एनसीबीच्या मुंबई कार्यालयाला कळवा. विषय कंटेनर किंवा विमानतळाचा असेल तर डीआरआयलाही. कारण माल पुढे जाऊ देऊन घेणाऱ्याला पकडण्याची पद्धत, म्हणजे नियंत्रित वितरण, कलम ५०अ खाली एनसीबीच्या महासंचालकांच्या किंवा त्यांनी अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या हातात आहे. ठाण्याने आपल्या मनाने पार्सल पुढे पाठवलं आणि ते हरवलं, तर तुम्हीच गोत्यात येता. जिल्ह्याची एनकॉर्ड समिती (अमली पदार्थविरोधी यंत्रणांच्या समन्वयाची) असते, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली. तिथे शाळा, व्यसनमुक्ती, औषध दुकानं आणि गांजाची शेती यांवर बोला. चालू तपासातलं नाव त्या बैठकीत घेऊ नका. टेबलाभोवती वीस-पंचवीस जण असतात. आरोपीची पूर्वपीठिका एनसीबीच्या 'निदान' नावाच्या पोर्टलवर बघा, दुसऱ्या राज्यातला जुना गुन्हा तिथे सापडू शकतो.

परदेशातून पुरावा मागवायचा असेल तर संहितेच्या कलम ११२ खाली विनंतीपत्र लागतं, आणि ते गृह विभाग, केंद्रीय गृहमंत्रालय, न्यायालय असं फिरत जातं. महिने लागतात. म्हणून पत्रात गोष्ट सांगू नका, प्रश्न विचारा. "सदर इसमाची सर्व माहिती मिळावी" या वाक्याला परदेशी यंत्रणा उत्तर देत नाही. "अमुक क्रमांकाचं खातं, अमुक दोन तारखांमधले व्यवहार, खातं उघडतानाची ओळखपत्रं" असं विचारलं तर देते. बाहेरून रीतसर आलेले कागद खरे मानण्याचं गृहीतक एनडीपीएसच्या कलम ६६ मध्ये आहे, ते सरकारी वकिलांच्या लक्षात आणून द्या. आरोपी देशाबाहेर निसटण्याची शक्यता असेल तर लुकआऊट परिपत्रक त्याच दिवशी काढायला सांगा. निसटलाच असेल तर सीबीआयच्या भारतपोल पोर्टलवरून इंटरपोलकडे जाता येतं, पण रेड नोटिशीसाठी न्यायालयाचं वॉरंट आणि व्यवस्थित लिहिलेले आरोप लागतात. पकडलेला आरोपी परदेशी नागरिक असेल तर दूतावासाला कळवणं, दुभाषी आणि एफआरआरओला (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला) माहिती ही तिन्ही कामं पहिल्या दिवसाची आहेत.

एमआयडीसीबद्दल थोडं, कारण तिथे ठाणं स्वतःहून काही करू शकतं. इफेड्रिन, स्युडोइफेड्रिन, ॲसेटिक ॲनहायड्राइड यांसारख्या द्रव्यांवर २०१३ च्या आदेशाखाली नियंत्रण आहे: एनसीबीकडे नोंदणी, खरेदी-विक्रीची नोंदवही, ठरावीक काळाने विवरणपत्र. गैरव्यवहाराला कलम २५अ, दहा वर्षांपर्यंत शिक्षा. बंद युनिट रोखीने भाड्याने गेलं, वीजबिल एकदम वाढलं, काम फक्त रात्री चालतं, ड्रमवरची लेबलं खरवडलेली आहेत, कच्चा माल येतो पण विक्रीचं बिल एकही नाही, यांतल्या दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर बारकाईने बघा. महावितरणचा वायरमन आणि पाण्याचा टँकरवाला हे इथले सगळ्यात चांगले खबरी. आत शिरताना मात्र शौर्य नको. ज्वलनशील द्रावकांची वाफ भरलेली असते. बटणं चालू-बंद करू नका, चालू रिॲक्टरचं ढवळणं किंवा थंड पाणी आपल्या मनाने थांबवू नका, विडी-काडी लांब ठेवा. प्रयोगशाळेचे तज्ज्ञ, अग्निशमन दल आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांना आधी बोलावून मग पंचनामा सुरू करा.

मालमत्तेकडे आपल्याकडे फार कमी लोक वळतात. कलम ६८ई आणि ६८फ प्रमाणे ठाण्याचा प्रभारी अधिकारीही तस्करीतून आलेली मालमत्ता शोधून गोठवू शकतो. आदेशाची प्रत ४८ तासांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जायला हवी आणि ३० दिवसांत त्यांची पुष्टी हवी, नाहीतर आदेश गळून पडतो. हे प्रकरण दहा वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना लागतं, म्हणून व्यापारी मात्रेचा दुवा सापडला की मगच याकडे वळा. सराईतासाठी १९८८ चा स्थानबद्धतेचा कायदा आहे, आणि २०२५ मध्ये राज्याने मकोकाच्या (संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याच्या) व्याख्येत अमली पदार्थांचे गुन्हे आणले आहेत. पण मकोकाला आधीची दोषारोपपत्रं आणि वरिष्ठांची पूर्वमान्यता लागते. चाळीस ग्रॅमच्या पहिल्या गुन्ह्यात त्याची स्वप्नं पाहू नका.

राहिली पत्रकार परिषद. सकाळी अटक, दुपारी टेबलावर माल मांडून फोटो, संध्याकाळी चॅनलवर "इतक्या कोटींचं ड्रग्ज". त्या कोटींना न्यायालयात काही अर्थ नाही, तिथे ग्रॅम बघतात. पण तो फोटो वरच्या दुव्याच्या मोबाइलवर संध्याकाळपर्यंत पोचलेला असतो. रात्री नंबर बंद, सकाळी गोदाम रिकामं. वरिष्ठांना स्पष्ट विनंती करा की प्रेस नोट दोन दिवस थांबवा. नाही म्हणाले तर निदान ठिकाण आणि वेष्टनाचा फोटो त्यात जाऊ देऊ नका.

तुमच्या ठाण्यात आत्ता जो चाळीस ग्रॅमचा गुन्हा तपासावर असेल, त्याची फाईल उद्या काढा आणि जप्तीची तारीख बघा. पंधरा दिवस झाले नसतील तर आरोपी जिथे उतरला होता ते लॉज आणि जिथून आला तो स्टँड, दोन्हीकडचं सीसीटीव्ही आधी ताब्यात घ्या. मग मुद्देमाल कारकुनाला विचारा की पुडी ज्या पिशवीत होती ती पिशवी कुठे आहे.